करवानकाला घातलेली शीळ

किचनमधल्या वरच्या प्रेसमध्ये हात घातला होता सोऱ्यासाठी, हाती लागली दुर्बीण. कपाटाला प्रेस म्हणायची सवय मला इथे आयर्लंडात येऊन कधी जडली, देव जाणे. दुर्बीण जुन्या पंच्यात गुंडाळलेली होती. पट्टा नाकाशी नेला आणि झालं. मीठ, ओली लोकर, संत्र्याची साल, सगळं अजून तिथेच होतं. बाहेर सिटीवेस्टचा जानेवारी, साडेचारलाच काळोख, लुआसची ट्राम घंटा वाजवत निघून गेली. मी स्टुलावर उभीच. चकल्या राहिल्या बाजूला.

सुलूची आठवण आली की मी भांडी आपटते. माझा नवरा मंदार बाहेरच्या खोलीतून ओरडतो, "सुलू का?" मी म्हणते, "हो." तेवढ्यावर आमचं बोलणं संपतं. हसायला येईल तुम्हाला, पण एवढी वर्षं एका बाईवर रागावून राहणं हे सोपं काम नाही. रोज थोडं थोडं करावं लागतं. आणि आता तर त्याहून अवघड होऊन बसलं आहे, कारण मला एक गोष्ट हवी आहे, जीव जाईल इतकी हवी आहे, आणि ती फक्त सुलूकडे आहे. माझ्या वडिलांची शीळ.

थांबा, नीट सांगते.

सुलू मला भेटली ती ब्युमॉन्टला. मी तिथल्या हॉस्पिटलात कसल्याशा तपासणीला गेले होते आणि परतीची बस चुकवून एका शाळेच्या मैदानाच्या कुंपणाशी उभी होते. मैदानभर काळी-करडी बदकं चरत होती, गाईगुरांसारखी माना खाली घालून. शेजारी एक बाई, जाड जॅकेट, खाली सलवार, त्याखाली पांढरे बूट. ती माझ्याकडे न बघताच मराठीत म्हणाली, "बदकं नाहीत हो ती. हंस आहेत. उत्तरेकडून येतात थंडीचे." मी म्हटलं, "मी मराठी आहे हे कसं ओळखलंत?" तर म्हणे, "मघाशी फोनवर नवऱ्याला झापत होतात ना." त्या दिवशी तिनं मला घरी नेलं आणि गरम गरम तांदळाची भाकरी वाढली. ती उरणची, मी नगरची. ती ऐंशी शब्द बोलायची तेव्हा मी आठ. दोघींच्या व्हिसावर एकच शब्द होता, डिपेंडंट. नोकरी करायची परवानगी नाही. नवरे सकाळी कॉम्प्युटरकडे जायचे आणि आम्ही दिवसभर पक्षी बघायचो. बघायला पैसे पडत नाहीत आणि परवानगीही लागत नाही.

मायोर्काचं, त्या स्पेनच्या बेटाचं, खूळ सुलूचंच. इथले लोक उन्हाळ्यात तिकडे समुद्रात लोळायला जातात. जानेवारीत विमानं रिकामी, खोल्या रिकाम्या, आणि अर्ध्या युरोपातले पक्षी थंडीला कंटाळून तिथे उतरलेले. "आपणही थंडीला कंटाळलोय," सुलू म्हणाली, "मग आपण का नाही?" व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईनं विचारलं, दोघी एकट्या, जानेवारीत, कशासाठी? सुलूनं ठणकावून सांगितलं, पक्ष्यांसाठी. त्या बाईनं आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही पक्षी पकडून पर्समधून आणणार आहोत. बाहेर आल्यावर आम्ही फुटपाथवर उभं राहून इतक्या हसलो की एक म्हातारा थांबून विचारता झाला, "आर यू ग्रँड, गर्ल्स?" म्हणजे, ठीक आहात ना पोरींनो? गर्ल्स! आम्ही तेव्हा पस्तिशीच्या पुढच्या.

त्या बेटावरचे ते आठवडे. दरवर्षी एकच आठवडा, पण वर्षभराची शिदोरी. बेटाच्या दक्षिणेला मिठागरं आहेत. पहिल्या सकाळी ते पांढरे ढिगारे आणि चौकोनी पाणी दिसलं तेव्हा सुलू रस्त्यातच बसली. "अगं, हे तर माझं माहेर!" खाऱ्या वाऱ्याचा वास, चिखलाचा वास, उथळ पाण्यात लालबुंद पायांच्या शेकाट्यांची वर्दळ. सुलू त्यांना लग्नाला निघालेल्या करवल्या म्हणायची, कारण चिखलातूनही ते पावलं अशी उचलायचे की जणू नवीन सँडल घातलीय. पलीकडे रोहित पक्षी, एका पायावर, गुलाबी, झोपलेले. दर खांबावर एक गप्पीदास, खाली उडी, पुन्हा खांबावर, पुन्हा खाली. आणि आमच्या डब्लिनच्या अंगणात असतो तसला तांबड्या छातीचा रॉबिन तिथे संत्र्याच्या बागेत दर झाडाला एक. "हा बघ, हापण सुट्टी टाकून आलाय," सुलू म्हणायची. "याचा व्हिसा कोणी तपासला?"

आम्ही कातालिनाबाईंकडे उतरायचो. त्या सत्तरीच्या, विधवा, काळा झगा, पायांत लोकरी सपाता. त्यांना ना इंग्रजी, ना मराठी. आम्हाला ना त्यांची भाषा. पण बायकांना स्वयंपाकघरात भाषा फारशी लागत नाही. त्या पावावर टोमॅटो चोळून तेल सोडायच्या, आम्ही मेतकूट-भात कालवायचो. संध्याकाळी चुलीत बदामाची लाकडं, त्यांचा गोडसर धूर. पहिल्या संक्रांतीला आम्ही त्यांच्या हातावर तिळाचे लाडू ठेवले. त्यांनी नीट निरखून पाहिले, मान डोलावली, आणि लाडू कुस्करून खिडकीबाहेर चिमण्यांना घातले. आम्ही पक्षीवाल्या, म्हणून आणलेलं खाणं पक्ष्यांचंच असणार! सुलूला इतकं हसू आलं की तिला पदराचा, म्हणजे स्कार्फचा, बोळा तोंडात कोंबावा लागला. दुसऱ्या वर्षी तिनं आधी स्वतः लाडू खाऊन दाखवला.

कातालिनाबाईंच्या घरामागे त्यांचं रान होतं. दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती, मध्ये विरळ बदामाची झाडं, जानेवारी सरता सरता त्यांना पांढरा फुलोरा यायचा. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा दिवसभर वाजत राहायच्या. त्या रानात करवानक होते. माळावरचा पक्षी हा, मातीच्याच रंगाचा, मोठे पिवळे डोळे, दिवसभर ढेकळासारखा बसून राहतो. दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. दिवस मावळला की उठतो आणि ओरडतो, उंच, कापरं, कुणीतरी लांबून हाक मारत यावं तसं. आमच्या नगरकडच्या माळावरचा करवानक आणि हा, सख्खे नसतील, पण चुलत भाऊ नक्की. पहिल्या संध्याकाळी तो आवाज कानावर पडला आणि माझ्या हातातलं संत्रं खाली पडलं.

माझे वडील, आमचे दादा, वीजमंडळात वायरमन होते. चार गावांचे फ्यूज त्यांच्याकडे. अख्ख्या पंचक्रोशीला उजेड देणारा माणूस, आणि त्याला अंधाराची भीती! दिवेलागणीला कुठूनतरी निरोप यायचा, दादा सायकल काढायचे, काम आटपून परतताना मधला माळ अंधारात ओलांडावा लागायचा. मग ते शीळ घालायचे. पुढच्या दोन दातांत त्यांच्या चांगली फट होती, त्या फटीतून करवानकाचा आवाज असा काढायचे की माळावरचे करवानक चारी बाजूंनी साद द्यायचे. "मंग काय भ्या," ते म्हणायचे, "सोबतीला येवढी मंडळी हायेत की." घरात आम्हाला आधी पक्षी ऐकू यायचे, मग दादांची शीळ, मग सायकलच्या चेनचा आवाज. आई तवा चुलीवर टाकायची ती शिळेच्या आवाजावर.

तीच फट माझ्या दातांत. मी सात-आठ वर्षांची असताना शीळ घालायला लागले तर आईनं पाठीत धपाटा घातला. "पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवती का कुठं? लोकं काय म्हणतील?" दादा हळूच म्हणाले, "माळावर कोण ऐकतंय गं, वाजवू दे." मग मी सायकलच्या दांडीवर बसून फक्त माळावर शीळ घालायची, दादांबरोबर. सुरुवात खालून, मग चढ, मग दोन छोटे झटके, शेवटी लांब सोडून द्यायची. पुढे मोठी झाले, लग्न झालं, पुण्यात राहिले, इथे आले. शीळ विसरूनच गेले होते.

आणि त्या बेटावर, त्या भिंतीवर बसून, इतक्या वर्षांनी मी ओठ जुळवले. सुलूनं माझ्याकडे पाहिलं. रानातून उत्तर आलं. मग दुसऱ्या टोकाकडून आणखी एक. सुलू काही बोलली नाही, आणि सुलूनं काही न बोलणं ही केवढी गोष्ट आहे हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. नंतर म्हणाली, "नगरकरीणबाई, हे कुठे दडवून ठेवलं होतंस?"

आमचा नियम तिथेच ठरला. दिवसाला एकदाच. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर चालू पडायचं. पुन्हा पुन्हा बोलावलं की त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला, तो खाणंपिणं सोडून शोधत फिरतो. बिचाऱ्याला थंडीत तेवढं परवडत नाही. हा नियम कुणी घातला म्हणाल, तर सुलूनं! मी एकदा मोहानं दुसऱ्यांदा ओठ जुळवले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. त्या हाताला संत्र्याचा वास होता.

दादा गेले ते एका डिसेंबरात. माझं इथलं राहण्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं. बाहेर पडले असते तर परत येण्याचे वांधे होते. कार्ड हातात आलं तोवर तिकडे दिवस-वार सगळं उरकलं होतं. भाऊ फोनवर म्हणाला, "आता येऊन काय करणारेस?" मी घरात भिंतीकडे बघत बसायची. सुलू आली, माझी बॅग तिनंच भरली, मला उचलून बेटावर नेलं. "उन्हाळ्यात लेकीला घेऊन आईकडे जा," म्हणाली, "आत्ता माझ्याबरोबर चल. इथे तुला वेड लागेल." याबद्दल मी तिचे पाय धरले असते त्या वेळी.

त्या संध्याकाळी मी नियम मोडला. भिंतीवर बसून मी दादांसारखी शीळ घातली, आणि उत्तर आल्यावर पुन्हा घातली, आणि पुन्हा. करवानक तिन्ही बाजूंनी ओरडत होते. अगदी दादा माळ ओलांडताहेत असं वाटत होतं, आता चेनचा आवाज येईल असं. या वेळी सुलूनं तोंडावर हात ठेवला नाही. मी डोळे मिटून घेतले होते. शेवटी रडू फुटलं, नाक ओढलं, आणि डोळे उघडले तर सुलूच्या हातात फोन, त्यावर लाल ठिपका.

"काय करतेस?"

"काही नाही गं. इतकं सुंदर होतं... राहू दे ना तुझ्याचसाठी."

"पूस ते. आत्ताच्या आत्ता. हे माझं आणि त्यांचं आहे, सुलू."

"बरं बाई, बरं. हे बघ, केलं डिलीट. गळ्याशपथ."

मी फोन बघायला मागितला नाही. मैत्रिणीचा फोन कोण तपासतं?

त्यानंतरही आम्ही काही वर्षं गेलो. आजही त्या वर्षांचे हिवाळे आठवतात तेव्हा मी मध्येच थांबते. त्या सगळ्या संध्याकाळी, मेतकूट-भात खाताना, कातालिनाबाईंच्या चुलीपुढे पाय शेकताना, ते रेकॉर्डिंग तिच्या खिशात होतं. तिनं माझी वेणी घालून दिली, माझ्या तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि ते तिच्या खिशात होतं. नंतर जे झालं त्याचा राग येतोच, पण आधीच्या त्या चांगल्या दिवसांनाही आता विरजण लागलंय, ते मला जास्त सोसत नाही. आठवणसुद्धा धड निर्मळ उरू दिली नाही बाईनं.

मग एका वर्षी लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष आलं, मी गेले नाही. पुढच्या वर्षी सासूबाई आल्या. सुलू म्हणायची, "तुझ्याशिवाय मजा नाही गं, पण जाऊन येते." मी तिला डब्यात शेंगदाण्याची चटणी द्यायची आणि कातालिनाबाईंसाठी तिळाचे लाडू. एव्हाना आम्हाला दोघींना काम करायची परवानगी मिळाली होती. मी इथल्या एका शाळेत जेवणाच्या वेळी मुलांकडे बघायला लागले. सुलू म्हणाली, ती काहीतरी ऑनलाइन करतेय. मी म्हटलं, छान.

हळदीकुंकू नास गावात होतं, एकीच्या घरी. चाळीसेक बायका, पैठण्यांवर लोकरी स्वेटर, दारात बुटांचा ढीग. एक नवीन मुलगी, पुण्याची, सॉफ्टवेअरवाली, माझ्या शेजारी बसली. गोड होती. म्हणाली, "ताई, तुम्हाला पक्षी आवडतात ना? आम्ही मागच्या आठवड्यात पक्ष्यांच्या टूरला गेलो होतो, हे बघा ना!" तिनं फोन पुढे केला.

फोनमध्ये कातालिनाबाईंचं रान होतं. फाटक सताड उघडं. भिंतीवर, भिंतीपुढे, बदामाखाली माणसंच माणसं, आपलीच, रंगीबेरंगी टोप्या. भिंतीवरचे दगड दोन ठिकाणी ढासळलेले. मध्ये नारिंगी जॅकेटात सुलू, ओठांवर बोट. तिनं एक छोटा गोल स्पीकर भिंतीवर ठेवला. आणि त्यातून दादांची शीळ आली.

माझी म्हणा. पण मला ती दादांचीच ऐकू आली. खालून सुरुवात, चढ, दोन झटके, शेवटी लांब. त्यामागोमाग मी नाक ओढल्याचा आवाज. तोसुद्धा तसाच ठेवलेला. आणि मग पुन्हा शीळ. पुन्हा नाक. पुन्हा शीळ. करवानक झुडपातून बाहेर आला, मान उंच करून इकडे धावला, तिकडे धावला, स्पीकरपासून हातभर अंतरावर येऊन गोंधळून उभा राहिला. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. सुलूचा आवाज, "ही आमची खास शीळ बरं का, नगरच्या माळावरची! ही ऐकली की येणार म्हणजे येणारच!"

"शेवटी कसला मस्त आवाज काढतो ना तो पक्षी," ती मुलगी म्हणाली, "सुं सुं असा."

मी ताटातलं वाण तिथेच ठेवलं आणि बाहेर आले. गाडीशी उभं राहून फोन लावला.

"सुलू, तू पुसलं नव्हतंस."

ती सुरू झाली, "अगं, ऐकून तर घे. मी तुला सांगणारच होते. लोक पैसे भरून एवढ्या लांबून येतात, पक्षी दिसला नाही तर कसं चालेल? आणि तुझंच तर कौतुक होतंय."

"माझं नाव घेतलंस एकदा तरी?"

"तू आलीच नाहीस, मी काय करू? अगं, एवढं काय त्यात? तोंडातून काढलेली हवा ती."

"माझा बाप होता तो, सुलू!" मी त्या पार्किंगमध्ये ओरडले. एक आयरिश बाई कुत्रं घेऊन चालली होती, ती थबकली. "मी रडतेय त्यात. माझं रडणं ऐकवतेस तू लोकांना? टाळ्या घेतेस?"

"तू फार ताणतेस गं," ती म्हणाली. "नेहमीसारखं."

तेव्हा मी म्हटलं, "पूस ते. फोनमधून, तुझ्या त्या ऑनलाइन पानावरून, जिथे जिथे चिकटवलंयस तिथून पूस. मग माझ्या दारात ये. तोवर तू मला मेलीस." आणि तिला ब्लॉक केलं. असले शब्द मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

त्यानंतर मी बेटावर गेले नाही. इथे थंडीत हंस येतात, मी त्यांच्याकडेही बघत नाही. कुणी पक्ष्यांचं काही पाठवलं की न उघडता काढून टाकते. मधल्या काळात माझा पुढचा एक दात हलायला लागला, काढावा लागला. नासच्या डेंटिस्टनं तिथे ब्रिज, म्हणजे खोटा दात, बसवला, फट गेली. लेक म्हणाली, "आई, यू लुक ग्रँड." खरंच छान दिसायला लागलं. फोटोत तोंड मिटायची सवय सुटली. शिळेचा विचारही मनात आला नाही तेव्हा. कुणाला घालायची होती शीळ?

आईचं फोनवर आता फार बोलणं नसतं. तिला दिसत नाही, मोतीबिंदूच्या पलीकडचं काहीतरी आहे. वहिनी फोन तिच्या कानाशी धरते. मागच्या महिन्यात ती एकाएकी म्हणाली, "तुझा बाप माळावरून यायचा तशी शिट्टी येती का गं तुला अजून?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. जिनं त्या शिळेसाठी माझ्या पाठीत धपाटे घातले ती ही.

"येती का? घाल की एकदा. दिसत न्हाई मला काय, पर कान हायेत. पुन्यांदा ऐकावं वाटतंय. आता किती दिवस राह्यलेत माझे."

मी ओठ जुळवले. फुस्स. नुसती हवा. जीभ त्या गुळगुळीत खोट्या दाताला लागून परत आली. पुन्हा. फुस्स. आई कानाशी फोन धरून थांबलेली, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "आई, सर्दी झालीय गं. उद्या घालते."

तेव्हापासून रोज विचारते. मी रोज सर्दी सांगते. बाथरूममध्ये नळ सोडून घालून पाहिली, गाडीत काचा वर करून घालून पाहिली. बोटं तोंडात घालून पाहिली, तर फेरीवाल्याची शिट्टी निघते, दादांची नाही. मोबाइलवर करवानकाचे खरे आवाज पुष्कळ मिळतात. एक तिला ऐकवला, तर ती तडकली, "हे पाखरू हाय. मला काय येडी समजतीस का?"

म्हणजे जगात ती शीळ आता एकाच ठिकाणी होती. सुलूच्या फोनमध्ये, माझ्या रडण्यासकट.

किती गिळावं लागलं म्हणून सांगू! चार दिवस मी नुसतं घशाखाली ढकलत होते. मंदार म्हणाला, "माग ना. माणसं भांडतात, मागतातही." शेवटी आज, दुर्बीण मांडीवर घेऊन, मी सुलूचं नाव ब्लॉकमधून काढलं. लिहिलं, "सुलू, एक काम होतं." पुसलं. "कशी आहेस?" तेही पुसलं. "ती शीळ मला पाठवशील का? आईला ऐकवायची आहे." हे मात्र ठेवलं. आता फक्त बाण दाबायचा होता.

दाराची बेल वाजली.

सुलूच होती. केस पिकलेले, तीच उंची, तोच नाकावर घसरलेला चष्मा, हातात तिळगुळाचा डबा. "आत येऊ?" म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या घरात यायला विचारलं असेल.

मी बाजूला झाले. माझं काळीज असं उसळलं होतं! देवानंच धाडली, वाटलं. मागावंही लागणार नाही, म्हटलं, चहा झाला की हळूच विषय काढू.

ती किचनच्या खुर्चीवर कोटासकट बसली. "टूर बंद केल्या मी," म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. "आणि तू म्हणाली होतीस ना, ते केलं. सगळीकडून पुसलं. पानावरून, फोनमधून, त्या क्लाउडमधून, लॅपटॉपमधून. मुलाला बसवून करून घेतलं, म्हटलं मागे काही राहायला नको. ज्यांनी ज्यांनी व्हिडिओ काढले होते त्यांना एकेकाला फोन करून काढायला लावले. नासच्या त्या मुलीकडे तर घरी जाऊन आले. आता कुठ्ठे नाही. तू हवं तर फोन तपास." आणि तिनं फोन माझ्यापुढे टेबलावर ठेवला. "मी फार वाईट वागले गं तुझ्याशी."

मी फोन घेतला. तपासला. त्या वेळी तपासला नव्हता, आज शेवटच्या फोल्डरपर्यंत तपासला. फोटो, रेकॉर्डिंग, कचऱ्याची पेटी. सुलू काम हातात घेते ते चोख करते. काही म्हणजे काही नव्हतं.

"आता तरी माफ केलंस ना?" ती म्हणाली. गालांवरून पाणी ओघळत होतं.

मी काय सांगणार होते तिला? सांगितलं असतं तर तिनं ऊर बडवून घेतला असता, आणि मला तिला समजवावं लागलं असतं. तेवढी ताकद नव्हती माझ्यात. "बस," मी म्हटलं, "चहा टाकते."

ती उठली आणि मला मिठी मारून हमसून हमसून रडली. तिच्या कोटाला बाहेरच्या गारठ्याचा वास होता. तिच्या खांद्यावरून मला ओट्यावरचा माझा फोन दिसत होता. तो वाजायला लागला.

"उचल ना," सुलू डोळे पुसत म्हणाली, "आई असतील. त्यांना सांग, सुलू आलीय म्हणून."

मी गॅस मोठा केला आणि आलं किसायला घेतलं.